युद्धकाळातली घरगुती कादंबरी: आईचा चिवटपणा कागदावर कसा उतरवावा

युद्धकाळातल्या घरावर कादंबरी लिहायला घेणाऱ्यांचा पहिला खर्डा बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. विसाव्या पानापर्यंत नवरा आघाडीवर गेलेला असतो, बाँब पडू लागलेले असतात आणि नायिका इतकी थोर ठरलेली असते की पुढच्या तीनशे पानांत तिने करण्यासारखे काही उरत नाही. लेखकाने तिचा गौरव आधी केलेला असतो आणि तिला काम नंतर दिलेले असते. हा लेख तो क्रम उलटा कसा करावा यासाठी आहे.

मराठीत या गुणासाठी तीन जवळचे शब्द आहेत आणि लिहायला बसण्यापूर्वी त्यांपैकी एक निवडावा, असे मला वाटते. सोशिक माणूस वाट्याला आलेले गिळतो. खंबीर माणूस डगमगत नाही, पण तो बाहेरून पाहणाऱ्याला दिसलेला असतो. आत काय चालले आहे ते त्या शब्दात येत नाही. चिवट माणूस मात्र ताणला तरी तुटत नाही, आणि या शब्दात कौतुकाबरोबर थोडा वैतागही मिसळलेला आहे. चिवट बाई हुज्जत घालते, नकार मिळाल्यावर दुसऱ्या खिडकीवर जाऊन उभी राहते, प्रसंगी खोटे बोलते आणि शेजारणीला नकोशी होते. कादंबरीला हा तिसरा शब्द उपयोगाचा आहे, कारण त्यात क्रियापदे आहेत.

या प्रकारच्या लेखनाचा मोठा भाग १९३९ ते १९४५ च्या ब्रिटनमधल्या घरांवर झाला आहे आणि त्या काळाची कागदपत्रेही विपुल आहेत, म्हणून पुढची उदाहरणे मुख्यतः तिथली घेतली आहेत. पद्धत इतर युद्धांनाही लागू पडते. तपशील मात्र प्रत्येक युद्धाचे वेगळे शोधावे लागतात.

पहिली पायरी: काळ अरुंद करा

सहा वर्षांचे युद्ध म्हणजे एकच सलग संकट नव्हे. त्यातल्या प्रत्येक तुकड्यात आईपुढचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो प्रश्न ओळखला नाही तर प्रसंग कोणत्याही वर्षात बसतील असे गुळगुळीत होतात. सप्टेंबर १९३९ ते १९४० चा वसंत या काळात युद्ध जाहीर झाले होते, पण शहरांवर अपेक्षित हल्ले झाले नाहीत. त्या महिन्यांत आईचा प्रश्न असा होता की, ज्या संकटाच्या भीतीने मुले दूर धाडली ते येतच नसेल तर त्यांना परत का आणू नये? पुष्कळ आयांनी मुले परत आणलीही. त्यानंतर ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँबहल्ले झाले आणि ती मोहीम मे १९४१ पर्यंत इतर शहरांवरही चालू राहिली; तेव्हा प्रश्न झोपेचा आणि निवाऱ्याचा होता. १९४२ आणि १९४३ ही दमणुकीची वर्षे आहेत. कादंबऱ्यांमध्ये ती सर्वांत कमी येतात आणि माझ्या मते घरगुती कथेसाठी सर्वांत चांगली आहेत, कारण तिथे मोठ्या घटनांचा आधार लेखकाला मिळत नाही.

१९४४ पुन्हा वेगळे. जूनमध्ये व्ही-१ ही विनावैमानिक उडती अस्त्रे येऊ लागली. त्यांच्या इंजिनाची घरघर थांबली की ती खाली कोसळत, त्यामुळे ऐकणारा माणूस आवाजाला नव्हे तर शांततेला घाबरू लागला. सप्टेंबरमध्ये आलेली व्ही-२ अग्निबाणे आवाजापेक्षा वेगवान होती आणि त्यांची आगाऊ सूचना मिळत नसे. पाच वर्षे जिने रात्री कान उघडे ठेवून मुलांना निवाऱ्यात नेले, त्या आईच्या कानांचा आता काही उपयोग उरला नाही. एवढ्या एका बदलावर एक संपूर्ण प्रकरण उभे राहू शकते, आणि ते फक्त १९४४ मध्येच घडू शकते.

दुसरी पायरी: घराचा हिशेब आधी, कथानक नंतर

कथानक आखण्यापूर्वी एका आठवड्याचा घरहिशेब मांडावा. घरात कोण कोण आहे, प्रत्येकाचे वय काय, पैसे कुठून येतात, कोणत्या वस्तू शिधापत्रिकेवर मिळतात आणि कोणत्या रांगेत उभे राहून मिळवाव्या लागतात, हे सगळे एका पानावर लिहून काढावे. ते पान कादंबरीत छापायचे नसते. मात्र ते जवळ असले की नायिका सकाळी उठल्यावर काय करते याचे उत्तर आपोआप मिळते.

ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांपासून शिधावाटप सुरू झाले. जुलै १९४० मध्ये चहा आला, आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. घराला ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवावे लागे, आणि हा तपशील संख्यांपेक्षा महत्त्वाचा आहे: नायिकेला दुकानदाराशी भांडून दुसरीकडे जाता येत नाही. तिचा राग, तिचे आर्जव, दुकानदाराची खप्पामर्जी आणि काउंटरखालून निघणारी एखादी पुडी हे सगळे त्या नोंदणीतून जन्माला येते. १ जून १९४१ पासून कपड्यांवरही नियंत्रण आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली. लोकरी झग्याला ११ लागत आणि बाईच्या बुटांच्या जोडीला ५. पुढे कूपने कमी होत गेली. दुसरीकडे मुलांचे पाय मात्र वाढतच होते. आपली कूपने मुलाच्या बुटांसाठी बाजूला ठेवणारी आई असे लिहिले तर तो त्याग वाटतो. त्याच आईने मुलाच्या नकळत त्याच्या कूपनांवर स्वतःसाठी एक ब्लाऊज घेतला, असे लिहिले तर ती व्यक्ती वाटू लागते.

इथे काही सापळे आहेत आणि जाणकार वाचक नेमके त्यांतच लेखकाला पकडतो. पाव युद्धकाळात शिधापत्रिकेवर नव्हता. तो युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये आला. कपड्यांची कूपने मे १९४१ मध्ये संपलेल्या मोठ्या बाँबहल्ल्यांच्या वेळी अस्तित्वात नव्हती, त्यामुळे १९४० च्या हिवाळ्यात कूपन मोजणारी नायिका चुकीची आहे. जून १९४० पासून चर्चच्या घंटा बंद होत्या आणि शत्रू उतरल्याची खूण म्हणूनच त्या वाजवायच्या होत्या, म्हणून त्या वर्षीच्या रविवारच्या सकाळी घंटानाद ऐकू येता कामा नये. १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे असत; जूनमध्ये रात्री दहा वाजताही उजेड असे आणि मुलांना उजेडात झोपवणे हा आयांचा रोजचा वैताग होता. घरातला उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावायचे ब्लॅकआउटचे पडदे संध्याकाळी सातला ओढणारी जून महिन्यातली आई म्हणूनच खोटी वाटते.

हे तपशील कुठून मिळवावेत? १९३७ मध्ये सुरू झालेल्या मास ऑब्झर्वेशन या संस्थेसाठी युद्धकाळात शेकडो सामान्य माणसांनी रोजनिश्या लिहून पाठवल्या. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातली नेला लास्ट ही दोन मुलांची आई त्यांपैकी एक, आणि तिची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये प्रत्यक्ष आवाजातल्या आठवणी जतन केल्या आहेत. वाचताना गाजलेल्या तारखांकडे धावू नये. बाँब पडलेल्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशीची नोंद अधिक उपयोगी असते, कारण त्या दिवशी बाई काचा झाडत असते आणि काचा झाडताना तिला कुणाचा तरी राग आलेला असतो.

तिसरी पायरी: दोन्ही बाजूंनी चुकणारा निर्णय शोधा

आई-मुलाचे नाते कादंबरीत मिठ्यांनी उभे राहत नाही. ते अशा निर्णयातून उभे राहते, ज्याचे दोन्ही पर्याय चुकीचे आहेत आणि तरीही एक निवडावाच लागतो. ब्रिटनच्या बाबतीत हा निर्णय इतिहासानेच तयार करून ठेवला आहे. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत मुख्यतः मुलांना, शहरांतून खेड्यापाड्यांत हलवण्यात आले. शाळकरी मुले शिक्षकांबरोबर गेली. आई सोबत जाणे मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत अपेक्षित होते.

हे स्थलांतर सक्तीचे नव्हते, ही गोष्ट लेखकाने भिंतीवर लिहून ठेवावी. सरकार समजावत होते, भित्तिपत्रके लावत होते. पण शेवटचा होकार आई-बापांचा होता. सक्ती असती तर आईला सरकारवर रागावता आले असते. सक्ती नव्हती, म्हणून जे होईल त्याचा दोष तिच्याकडेच येणार होता: मूल पाठवले आणि तिकडे त्याचे हाल झाले तरी, आणि मूल ठेवून घेतले आणि घरावर बाँब पडला तरी.

समजा, नायिकेला नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. मुलगा शाळेबरोबर जाईल. मुलीला घेऊन ती जाऊ शकेल, पण मुलगा आणि या दोघी एकाच गावी पोचतील याची खात्री नाही. घरी थकलेली सासू आहे आणि ती जागा सोडायला तयार नाही. या चौघांच्या वयांनीच अर्धी कादंबरी लिहून टाकली आहे. म्हणून पात्रांची वये सहज म्हणून ठरवू नयेत.

यानंतर प्रश्न येतो की हा निर्णय कोणत्या प्रसंगात दाखवायचा. रेल्वे फलाटावरचा निरोप मी टाळण्याचा सल्ला देईन. गळ्यात अडकवलेली नावाची चिठ्ठी, गॅस मास्कचा खोका, हलणारा रुमाल हे चित्र वाचकाने इतक्या वेळा पाहिले आहे की तो लेखकाच्या आधी रडून मोकळा होतो. त्यापेक्षा आदली रात्र घ्यावी. मुलांबरोबर कोणते कपडे द्यावेत याची यादी पालकांना मिळत असे: जादा बूट, गरम कोट, बदलायचे आतले कपडे. गरीब घरांत त्यातले निम्मे नसायचे. नायिका यादी समोर ठेवून बसली आहे आणि नसलेल्या वस्तूंवर बोट ठेवत चालली आहे. उद्या कुणीतरी अनोळखी बाई ही पिशवी उघडेल आणि आपल्या घराची परीक्षा करील, ही लाज तिला मुलाच्या विरहापेक्षाही आधी टोचते. ती लाज लिहिली की विरह वेगळा लिहावा लागत नाही.

नंतरचे दिवसही सोडू नयेत. गाडी कुठे गेली हे पुष्कळ आयांना ठाऊक नसे; मुलाने नव्या पत्त्यावरून पाठवलेले कार्ड येईपर्यंत वाट पाहावी लागे. आपले मूल या घटकेला कोणत्या गावात आहे हे आईला सांगता येत नाही, असे ते दोन-चार दिवस असतात. कथेच्या दृष्टीने ते फलाटावरच्या दहा मिनिटांपेक्षा मोलाचे आहेत.

मुलाच्या मनाचे काय होते, याबद्दल त्या काळातच गंभीर विचार झाला होता. जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तिघा डॉक्टरांनी डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून दीर्घकाळ तोडणे घातक ठरू शकते, असा इशारा दिला. अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकाळात बालगृहे चालवली. त्यांचे निरीक्षण असे होते की, बाँबहल्ल्यांपेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलांना अधिक हादरवते, आणि हल्ल्यात मूल किती घाबरते हे बरेचसे त्याच्या जवळची मोठी माणसे किती घाबरली आहेत यावर अवलंबून असते. या दुसऱ्या वाक्यातून लेखकाला एक कामाची गोष्ट मिळते. आईचे धैर्य हा तिचा गुण राहत नाही. ते तिचे रोजचे काम होते. मुलीचा हात हातात असताना आपला हात थरथरू द्यायचा नाही, एवढेच ते काम असते. भीती कमी झालेली नसते, ती फक्त हातातून काढून पोटात ठेवलेली असते.

चौथी पायरी: दुसऱ्या आईला न्याय द्या

मुलाला ठेवून घेणारी बाई ही या प्रकारच्या कथेतली सर्वांत दुर्लक्षित भूमिका आहे. खर्ड्यात ती एक तर दुष्ट असते किंवा देवता असते. प्रत्यक्षात तिला एका मुलासाठी आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत, एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स, आणि त्यात वाढत्या मुलाचे खाणे भागवताना तिलाही हिशेब करावा लागे. मूल रात्री अंथरूण ओले करत असे. त्याची बोली तिला कळत नसे. आणि एक ना एक दिवस ते मूल परत जाणार, हे माहीत असूनही तिला त्याचा लळा लागत असे. कादंबरीत दोन आया असतात आणि मूल एक. त्यातली कुणीच चुकीची नसते. इथे जी कोंडी तयार होते ती शत्रूच्या विमानांनी होत नाही.

ही कोंडी दाखवण्यासाठी मराठीत लिहिणाऱ्याकडे एक साधन आहे, जे इंग्रजी लेखकाकडे नाही. इंग्रजीत समोरच्याला उद्देशून एकच सर्वनाम आहे. मराठीत तू आणि तुम्ही आहेत, आणि मूल आईला तू म्हणते. ठेवून घेणाऱ्या बाईंना ते सुरुवातीला तुम्ही म्हणेल. ते केव्हा तू वर येते, हा तुमच्या कादंबरीतला एक कळीचा क्षण आहे आणि त्याची आधीपासून जुळवाजुळव करावी लागते. तो क्षण आईच्या कानांवर पडेल अशीही व्यवस्था करावी.

नात्याच्या शब्दाचाही विचार करावा. परक्या घरी राहणारी मुले त्या बाईला 'आंटी' म्हणत. मराठीत त्यासाठी काकू, मावशी किंवा बाई असे शब्द उपलब्ध आहेत आणि तिन्हींची वजने निरनिराळी आहेत. बाई म्हटले की शाळेतली शिस्त येते. काकू म्हटले की सभ्य अंतर राहते. मावशी म्हटले की वाचकाच्या मनात 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण न बोलावता येऊन बसते, आणि जिची माय शहरात बाँबखाली झोपते आहे त्या मुलाच्या तोंडी तो शब्द फार जड होतो. म्हणून मुलाने काकू पासून सुरुवात करावी आणि मावशी वर नकळत यावे.

उदाहरणादाखल एक तुकडा पाहा. आई चार महिन्यांनी रविवारी भेटायला आली आहे.

"काकू, याला दूध चालतं का रात्री?" असे आई विचारत होती, तेवढ्यात मुलगा दारातून आत आला आणि आईकडे न पाहता बाईंना म्हणाला, "मावशी, तू कोंबड्यांना कोंडलंस ना?" बाईंनी चटकन आईकडे पाहिले. "कोंडल्या रे," त्या म्हणाल्या, "आधी आईशी बोल." मुलगा वळला. "तुम्ही किती वाजताच्या गाडीनं जाणार?" त्याने विचारले.

इथे आईच्या मनात काय झाले हे सांगणारे एकही वाक्य पुढे जोडू नये. जोडण्याचा मोह फार होतो. तिला लगेच काहीतरी काम द्यावे: तिने हातमोजे शोधावेत, किंवा गाडीची वेळ खरोखरच सांगावी.

पाचवी पायरी: कामावर जाणारी आई

डिसेंबर १९४१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना आणि मुले नसलेल्या विधवांना सेवेसाठी बोलावता येऊ लागले. १४ वर्षांखालची मुले घरी असलेल्या आईवर मात्र अशी सक्ती नव्हती. म्हणून लहान मुलीच्या आईला सरकारने कारखान्यात धाडले, असे लिहिणे चूक आहे. ती गेली असेल तर पैशासाठी, नवऱ्याच्या पगारातून येणारा भत्ता पुरत नाही म्हणून, किंवा चार भिंतींबाहेर पडायची इच्छा होती म्हणून गेली. तिसरे कारण लिहायला लेखक कचरतात. ते लिहावे. यंत्रावर काम करताना आपल्याला घराची आठवण दोन तास आली नाही, हे लक्षात आल्यावर तिला वाटणारी अपराधी भावना आणि त्याच वेळी आलेली हुशारी या दोन्ही गोष्टी एका वाक्यात मावू शकतात.

मुलगी कुणाकडे राहते, हा प्रश्न मग सासूकडे येतो, शेजारणीकडे येतो, किंवा पाळणाघराच्या प्रतीक्षायादीकडे येतो. चिवटपणा म्हणजे काय ते इथे दिसते: तीन बायकांच्या पाळ्या एकमेकींत बसवणे.

सहावी पायरी: पत्रांत काय येत नाही ते लिहा

पत्रे ही या कादंबरीप्रकाराची सोय आहे आणि म्हणूनच धोका आहे. पत्रात पात्रे मन मोकळे करू लागली की कथा थांबते. खरी युद्धकालीन पत्रे झाकण्यासाठी लिहिलेली असत. आघाडीवरच्या सैनिकाची पत्रे सेन्सॉर होत. घरच्या बाईला त्याला काळजीत टाकायचे नसे. मुलाला आपण रडतो हे आईला कळू द्यायचे नसे. तीन बाजूंनी सगळे ठीक आहे असे लिहिले जात असे.

सर्वांत कडक मर्यादा फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या, ब्रिटिश राजसत्तेखालच्या चॅनेल बेटांवर होती. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य येण्यापूर्वी गर्न्झी बेटावरून सुमारे १७ हजार माणसे इंग्लंडला हलवली गेली, त्यांत शाळांबरोबर निघालेली हजारो मुले होती. बेट मे १९४५ मध्ये मुक्त झाले. मधल्या काळात मागे राहिलेल्या आई-बापांना मुलांशी रेड क्रॉसच्या संदेशांतूनच बोलता येई आणि त्या संदेशाची मर्यादा २५ शब्दांची होती. उत्तर यायला महिने लागत.

यातून एक सराव निघतो आणि तो प्रत्येकाने करून पाहावा, कथा चॅनेल बेटांवरची नसली तरीही. आपल्या नायिकेच्या वतीने मुलाला पंचवीसच शब्दांत संदेश लिहा. पहिल्या प्रयत्नात प्रेम, आशीर्वाद, आठवण यांवर पंधरा शब्द खर्च होतील. मग ते खोडून, तिला खरोखर काय जाणून घ्यायचे आहे ते लिहा: दात पडले का, चष्मा लागला का, उंची किती झाली. माहिती विचारणारी आई प्रेम सांगणाऱ्या आईपेक्षा जास्त हलवून जाते, हे या सरावात हाताला कळते.

सातवी पायरी: चिवटपणाची किंमत वसूल करा

जी बाई सहा वर्षे कोसळत नाही तिचे कुठेतरी काहीतरी झिजलेले असते. ते कुठे झिजले हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. कुणाचा आवाज कायमचा चढतो. कुणाला साठवण्याची सवय लागते आणि ती साखरेवरून बहिणीशी तोडून बोलते. कुणी मुलीला कारण नसताना मारते, आणि त्या रात्री बाँब पडलेले नसतात. तो प्रसंग शांत दिवशीच ठेवावा. हल्ल्याच्या रात्री ठेवला तर वाचक तिला लगेच माफ करतो आणि लेखकाचे काम बिघडते.

हीच पद्धत सगळीकडे तशीच चालेल, असे मात्र समजू नये. सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याने घातलेला वेढा सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा चालला. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात मुलांना आणि अवलंबून असलेल्या माणसांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे आणि कामगारांना २५०. तिथे आईचा हिशेब कोणाला किती द्यायचे यापासून सुरू होतो आणि कोण जगेल इथवर जातो. अशा घरावर लिहिताना वर सांगितलेले खेळकर चिमटे, दुकानदाराची खप्पामर्जी, ब्लाऊजची कूपने हे सगळे गळून पडते. उरतात फक्त हातांच्या हालचाली. ते लिहिण्याची तयारी नसेल तर तो विषय घेऊ नये. कथेला गांभीर्य यावे म्हणून उपासमार पार्श्वभूमीला टांगणे हा अप्रामाणिकपणा आहे.

आठवी पायरी: शांततेनंतरचे वर्ष

कादंबरी ८ मे १९४५ च्या नाचगाण्यावर संपवू नये. घरगुती कथेत युद्ध त्या दिवशी संपत नाही. सैनिकांना मोकळे करण्याचे काम जून १९४५ मध्ये सुरू झाले आणि पुढे बराच काळ चालले. ज्या घरात मूल युद्धकाळात जन्मले, तिथे परत आलेला बाप पाच वर्षांच्या मुलीला अनोळखी असतो. आईच्या शेजारची झोपायची जागा तो घेतो आणि मुलगी त्याला घरी कधी जाणार असे विचारते. आपल्या नायिकेचा नऊ वर्षांचा मुलगा पंधराचा होऊन परततो. त्याची बोली बदललेली असते, आणि आपण ज्याला पाठवले तो हा नव्हे, हे आईला कुणाला सांगता येत नाही. अनेक युद्धकालीन पाळणाघरे बंद होतात. रांगा चालूच राहतात. ब्रिटनमधले शिधावाटप पूर्णपणे संपायला ४ जुलै १९५४ उजाडले.

याच वर्षांत एक गोष्ट घडली, जी कादंबरीकारांनी फारशी वापरलेली मला दिसत नाही. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा झाला आणि ऑगस्ट १९४६ पासून पहिले मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. तो पैसा बापाच्या हाती द्यावा, असा मूळ मसुद्याचा कल होता. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी तो आईला मिळावा यासाठी जोर धरला आणि तसेच झाले. नायिकेला अजून शाळकरी वयाची दोन मुले असतील, तर तिला पाच शिलिंग मिळतील. नवरा घरी आहे, घरखर्च पुन्हा त्याच्या हाती गेला आहे, आणि मंगळवारी टपाल कार्यालयाच्या खिडकीवर ती स्वतःच्या नावाचे पुस्तक पुढे करते. सहा वर्षे जिने घर चालवले त्या बाईच्या हातात किती उरले, हे त्या पाच शिलिंगांत मोजून दाखवता येते.

नववी पायरी: विशेषणे काढा

पुनर्लेखनाच्या वेळी एक लाल पेन घेऊन खंबीर, धीरोदात्त, निर्धार, वात्सल्य, त्याग, माऊली असे शब्द जिथे जिथे आले असतील तिथे रेघ मारावी. प्रत्येक रेघेखाली तिने त्या क्षणी हाताने काय केले ते लिहावे. काही सुचले नाही तर तो प्रसंग तुम्ही पाहिलेलाच नाही, असे समजून परत हिशेबाच्या पानाकडे जावे. शेजारणी, सासू, रांगेतल्या बायका यांनाही हाच नियम लावावा. त्या नायिकेचे कौतुक करण्यासाठी कथेत आल्या असतील तर त्यांना काढून टाकावे.

खर्ड्यात असे होते, असे समजू:

बाँबच्या वर्षावातही ती माऊली डगमगली नाही. मुलांना पोटाशी धरून तिने ती काळरात्र निर्धाराने काढली आणि तिच्या धीराने मुलांनाही बळ मिळाले.

ऑक्टोबर १९४० मधली परसातल्या अँडरसन निवाऱ्यातली रात्र घ्या. जमिनीत अर्धा पुरलेला, पन्हळी पत्र्याचा हा निवारा पावसाळी दिवसांत पाण्याने भरे. धोक्याचा भोंगा चढउतार करत वाजे आणि धोका टळल्याचा एकाच सुरात लांबवर वाजे. एवढ्या सामग्रीवर तीच रात्र अशी लिहिता येते:

पहाटे भोंगा एका सुरात वाजला तेव्हा धाकटी झोपलेली होती. तिच्या डोक्याखालचा हात केव्हाचा बधिर झाला होता, पण आईने तो ओढून घेतला नाही. तळाशी घोटाभर पाणी होते. थोरल्याच्या बुटाला मागच्याच आठवड्यात नवा तळ लावून आणला होता, म्हणून ते बूट तिने रात्रभर मांडीवर ठेवले होते आणि तिच्या झग्यावर चिखलाचे दोन पाय उमटले होते.

"गेली का?" थोरल्याने विचारले.

"गेली. ऊठ, शाळा आहे."